व्यवहार मोजावेत की पायऱ्या? सरकारी रुग्णालयाच्या डिजिटल प्रगतीच्या दोन मोजपट्ट्या

सार्वजनिक आरोग्यसेवेची डिजिटल प्रगती मोजण्याचे काम ज्यांच्याकडे आले आहे, त्यांच्यासमोर सध्या मुख्यतः दोन पर्याय असतात. पहिला केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या धर्तीचा: आभा क्रमांक, म्हणजे नागरिकाचे डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक, किती निघाले, किती संस्था आणि डॉक्टर नोंदवले गेले, किती नोंदी आभाशी जोडल्या गेल्या. दुसरा आरोग्यसेवेतील माहिती तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या हिम्स (HIMSS) या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ‘एमरॅम’ (EMRAM) या मोजपट्टीचा, ज्यात इलेक्ट्रॉनिक रुग्णनोंदींच्या वापरात रुग्णालय शून्य ते सात यांपैकी कोणत्या पायरीवर आहे हे ठरते. एका सरकारी रुग्णालयाच्या माहिती कक्षात काम करताना मी दोन्ही वापरून पाहिले आहेत.

पहिल्या पर्यायाची सोय नाकारता येणार नाही. आकडे आपोआप जमा होतात, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत सर्वांना तीच पट्टी लावता येते आणि 1 जानेवारी 2023 पासून लागू झालेल्या प्रोत्साहन योजनेत ठरावीक संख्येपेक्षा जास्त झालेल्या प्रत्येक व्यवहारामागे (म्हणजे आभाशी जोडलेल्या नोंदीमागे) रुग्णालयांना 20 रुपये देण्याची तरतूद करण्यात आल्याने वरिष्ठांचेही लक्ष राहिले. याच मिशनमधल्या क्यूआर कोड स्कॅन करून टोकन घेण्याच्या सोयीमुळे केसपेपरच्या खिडकीवरची गर्दी खरोखरच कमी झाली, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

माझे मन उडाले ते एका गोष्टीमुळे: एकूण आकडा कधीच खाली येत नाही. एका पावसाळ्यात आमचा सर्व्हर वरचेवर बंद पडत होता. आंतररुग्ण विभागातल्या सिस्टर पुन्हा रजिस्टरकडे वळल्या, डिस्चार्ज कार्डे हाताने लिहिली जाऊ लागली. पण आढावा बैठकीतला आलेख मात्र चढताच होता, कारण आधी निघालेले आभा क्रमांक कुठे जाणार? शिवाय जोडलेली नोंद म्हणजे पुष्कळदा चिठ्ठीचा फोटो असतो. तो मोजला जातो, पण पुढच्या भेटीत डॉक्टर तो उघडतात की नाही, हे त्या आकड्यातून कळत नाही, आणि रुग्ण आपला कागदांची पिशवी घेऊनच येतो.

पायऱ्यांची पट्टी नेमका हाच प्रश्न विचारते. तिची सुरुवात प्रयोगशाळा, क्ष-किरण आणि औषधभांडार यांच्या प्रणालींपासून होते. वरच्या पायऱ्यांवर औषध देताना रुग्णाच्या मनगटावरचा बारकोड आणि औषधाचा बारकोड दोन्ही स्कॅन होतात का, हे पाहिले जाते. खालची एखादी अट राहिली, तर वरचे कितीही काम झालेले असले तरी बढती मिळत नाही, आणि सर्वांत वरच्या पायऱ्यांसाठी बाहेरचे परीक्षक येतात. केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयाने 2020 मध्ये सातवी पायरी गाठली. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत याखेरीज स्वमूल्यमापनही चालते. पण स्वतःला गुण देताना हात थोडा सैल सुटतो, असे मला वाटते.

अर्थात एमरॅम मोठ्या रुग्णालयांचा विचार करून बेतलेले आहे. जिथे खाटाच मोजक्या, त्या आरोग्य केंद्राला त्यातल्या निम्म्या अटी लागूच होत नाहीत. प्रमाणीकरणाचा खर्चही सर्वांना पेलणारा नाही. संपूर्ण जिल्ह्याचा आढावा घ्यायचा असेल, तर व्यवहार मोजण्यावाचून बहुधा गत्यंतर नाही. मात्र एकूण संख्येऐवजी त्या महिन्याच्या बाह्यरुग्णांपैकी कितीजणांची नोंद जोडली गेली, हे प्रमाण मागावे.

आपल्याच रुग्णालयासाठी निवड करायची असेल, तर मी पायऱ्यांच्या बाजूने झुकेन, भले प्रमाणपत्र घेणार नसलात तरी. अटींची यादी हातात घेऊन रात्रपाळीला एका वॉर्डात जावे आणि शेवटच्या दहा रुग्णांची औषधे कुठे नोंदवली आहेत ते पाहावे. बारकोडच्या पट्ट्या मनगटाऐवजी टेबलाच्या कडेला चिकटवलेल्या दिसल्या, तर ती पायरी आपण अजून चढलेलो नाही.