आठ इंची रंधा-थिकनेसर आणि भुसा ओढणारं यंत्र: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्याला हे मशीन आणलं: रंधा फळीची बाजू सपाट करतो, थिकनेसर तिला सगळीकडे एकसारख्या जाडीची करतो. त्याला अकरा महिने झाले, आणि मधे आमच्याकडचा एक अख्खा पावसाळा जाऊन आला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. पहिल्या पंधरवड्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते. दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर ‘मशीन विकणे आहे’ एवढंच लिहिलं असतं.

आधी माझी परिस्थिती सांगतो, कारण तुमची वेगळी असेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही. कुडाळजवळचं गाव, घरामागे १२ बाय १५ फुटांचा मांगर (सामानसुमानाची वेगळी खोली), त्यात माझं सुतारकाम. पोटापाण्याचा उद्योग दुसरा, त्यामुळे शनिवार-रविवार आणि मधल्या दिवसांत जमेल तेवढं. लाकूड बहुतेक घरचंच: मे २०२१ च्या तौक्ते वादळात पडलेल्या फणसाच्या फळ्या, जुनं माजघर उतरवलं तेव्हाचे सागवानी वासे, थोडा आंबा. हातरंध्याने सहा फुटी फणसाची एक फळी सपाट करायला माझी सकाळ जायची आणि दुसऱ्या दिवशी खांदा बोलायचा.

निवडताना तीन पर्याय समोर होते. पहिला, नुसता थिकनेसर, मकिताच्या २०१२एनबीसारखा: ३०४ मिमी रुंदी, १६५० वॅट, टेबलावर मावणारा. दुसरा, आपल्याकडे मेस्त्री लोक वापरतात ते बीडाचं रंधा मशीन, ज्यात त्याच शाफ्टला बाजूला उघडी गोल करवत असते. ते पिढ्यान् पिढ्या टिकतं, पण घरात दोन लहान मुलं असताना ती उघडी करवत मला नको होती. तिसरा, एकाच यंत्रात दोन्ही: वर रंधा, खाली थिकनेसर. मी हा तिसरा घेतला. २०४ मिमी रुंदी, १२० मिमी जाडीपर्यंत माल खाली जातो, १५०० वॅट, दोन पाती. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. याच बनावटीची यंत्रं चार-पाच नावांनी विकली जातात.

नुसता थिकनेसर का नाही घेतला? कारण थिकनेसर फळी सरळ करतो हा समजच चुकीचा आहे. पीळ बसलेली फळी आत सारली की रोलर तिला दाबून धरतात, पातं वरून सारखी जाडी काढतं, आणि बाहेर पडल्यावर फळी पुन्हा आपल्या मूळ पिळावर येते. गुळगुळीत, एकसारख्या जाडीची, पण वाकडी. आधी रंध्यावर एक बाजू सपाट करायची, मग तिला गुण्यात, म्हणजे काटकोनात, एक कड काढायची, आणि मगच ती सपाट बाजू खाली ठेवून थिकनेसरमधून न्यायची. फळी रुंद असेल तर सपाट पाटावर तिच्याखाली पाचरी चिकटवून थिकनेसरमधूनच पहिली बाजू काढता येते. मी दहा इंची फळ्यांना असंच करायचं ठरवलं होतं, पण माझ्या यंत्राच्या तोंडात त्या जातच नाहीत. आठ इंच घेण्याचा हा सगळ्यात मोठा पश्चात्ताप. फणसाची सुंदर अकरा इंची फळी मधून चिरताना जीव हळहळला.

कामाच्या दर्जाबद्दल मात्र तक्रार नाही. वरचं टेबल जेमतेम ७४० मिमी लांब आहे, त्यामुळे साडेचार-पाच फुटांच्या पुढची फळी सरळ निघेल ही अपेक्षाच ठेवू नये. त्याच्या आतल्या मालाला खिडकीच्या काचेवर ठेवलं तरी उजेड दिसत नाही. मागचं, म्हणजे फळी रंधून ज्यावर येते ते टेबल पात्याच्या वरच्या टोकाशी तंतोतंत जुळवायला लागतं. मी प्लग काढून, पट्टी टेबलावर ठेवून पातं हाताने फिरवतो. पट्टी तीन-चार मिमी पुढे सरकली की बरोबर. हे एकदा करून भागत नाही, कारण थिकनेसर वापरायचा तर वरची टेबलं काढावी लागतात आणि परत बसवली की पुन्हा तपासणं आलं. म्हणून आता आठवड्याचा सगळा माल आधी रंध्यावरून काढतो, मग एकदाच बदल करतो.

थिकनेसरमधून निघताना शेवटच्या दोन इंचांत खोलगट खाच पडते. फळीचं शेपूट हाताने किंचित उचलून धरलं आणि फळ्या एकामागोमाग टोकाला टोक लावून सोडल्या की ती बरीच कमी होते, पूर्ण जात नाही. मी प्रत्येक तुकडा तीन इंच जास्त ठेवतो. गुण्याची बाजूपट्टी ही या यंत्रातली खरी कमजोर गोष्ट: पातळ अॅल्युमिनियमची, जोरात दाबलं की वाकते. तिला मी सागाची जाड पट्टी बोल्टने जोडली.

आता भुशाकडे येतो, कारण दुसऱ्या महिन्यातला वैताग तिथलाच होता. मी विचार केला होता की घरात २० लिटरचा ओला-सुका व्हॅक्यूम आहे, तो लावू. आठ इंच रुंद, सहा फूट लांब फळीवरून एक मिमी काढलं की ३७० घन सेंटीमीटर लाकूड निघतं. ते ढलप्यांच्या रूपात पाच-सहा पट फुगतं, म्हणजे एका फेरीला दोन लिटर. नऊ-दहा फेऱ्यांत पिंप भरलं! त्याच्याही आधी ३५ मिमीची नळी तुंबायची. मग मशीनच्या पोटात ढलप्या साठायच्या, रोलरखाली दबायच्या, आणि नुकत्याच गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागावर बारीक खड्डे पडायचे. मी दोन रविवार पात्यांना दोष देत बसलो होतो. व्हॅक्यूम आणि मशीनच्या मधे ढलप्या साठायला एक निळं प्लास्टिकचं पिंप लावून बघितलं, तर नळी तुंबल्याबरोबर ते आत चेपलं आणि असा आवाज झाला की शेजारचे मेस्त्रीकाका धावत आले. सगळीकडे बघून म्हणाले, “मशीन बरा आसा, पण मांगर भुश्यान भरलो मां!”

घोळ समजायला वेळ लागला. व्हॅक्यूमची ओढ जोरदार असते, पण हवा थोडी. रंध्याला उलटं हवं: ओढ बेताची चालेल, हवा भरपूर पाहिजे. ढलप्या नळीत न बसता वाहत्या राहायला हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर लागतो. १०० मिमीच्या नळीत हा वेग ठेवायचा तर तासाला साडेपाचशे-सहाशे घनमीटर हवा हवी, कारखानदारांच्या भाषेत ३३० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) वर. शिवाय नळीचा व्यास अर्धा केला की तोंडाचं क्षेत्रफळ चौथाई होतं, म्हणून ‘अडॅप्टर लावून बारीक नळी जोडू’ हा सल्ला ऐकू नका.

जानेवारीत एक एचपीचं, पिशवीवालं डस्ट कलेक्टर, म्हणजे भुसा ओढणारं यंत्र घेतलं. नळ्या धरून खर्च मशीनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा आला. जाहिरातीत लिहिलेला हवेचा आकडा नळी न जोडता मोजलेला असतो. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याची आशा धरा. वळ्यावळ्यांची नळी मी फक्त शेवटच्या चार फुटांत ठेवली, बाकी सांडपाण्याच्या कामातला ११० मिमीचा गुळगुळीत पीव्हीसी पाइप. काटकोनी एल्बो लावले नाहीत, ४५ अंशांचे दोन-दोन लावले. फरक पहिल्याच फळीला कळला. यंत्राखाली हात घालून ढलप्या उपसणं बंद झालं, खड्डे गेले.

विजेचंही इथेच सांगतो. मशीन सुमारे साडेसहा अँपिअर घेतं, कलेक्टर चारेक. बेरीज १६ अँपिअरच्या आत आहे, पण सुरू होतानाचा झटका कैक पट. घरातून मांगरापर्यंत १.५ चौ. मिमीची जुनी वायर होती, तिच्यावर मोटर रडायची. वायरमनने ४ चौ. मिमीची ओढून दिली आणि मोटरच्या झटक्याला तग धरणारा सी प्रकारचा एमसीबी बसवला. तरीही आधी कलेक्टर, पाच सेकंदांनी मशीन, हा क्रम मी पाळतो.

कलेक्टरची पिशवी कापडी, ३० मायक्रॉनची. ढलप्या अडतात, बारीक धूळ मात्र आरपार जाते. ती सकाळच्या उन्हाच्या तिरिपेत दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलंय. त्यामुळे कलेक्टर भिंतीला भोक पाडून बाहेरच्या पडवीत ठेवला. एसी नाही, त्यामुळे आतली हवा बाहेर गेली तरी काही बिघडत नाही. रंध्याचा माल जाडा असतो, खरी घातक धूळ सॅंडर आणि करवतीची. तिच्यासाठी एन९५ मास्क लावतोच. या पिशवीच्या भरवशावर सॅंडिंग करू नका.

पडवीत ठेवण्याचा तोटा जुलैत कळला. अर्धी भरलेली पिशवी चार दिवस राहिली आणि फणसाच्या भुशावर पांढरी बुरशी चढली, कापडही कुबट झालं. आता पावसाळ्यात काम संपलं की लगेच रिकामी करतो. मशीनचं टेबल अॅल्युमिनियमचं असल्याने गंजलं नाही, पण रोलर आणि पात्यांच्या बोल्टवर तांबूस डाग आले. पेस्ट वॅक्स फासून वर जुनं सुती लुगडं झाकतो, प्लास्टिक नाही. प्लास्टिकखाली घाम धरतो.

पात्यांचं काय? फणसाला ती छान टिकली, फक्त चीक रोलरवर चढतो, रॉकेलच्या फडक्याने पुसावा लागतो. सागाने मात्र वाट लावली. त्या लाकडात वाळूसारखी सिलिका असते, धार लवकर जाते. त्यात जुन्या वाशातला एक मोडका खिळा राहिला आणि पात्याला दात पडला. ठिणगीही उडाली, आणि तीच ठिणगी पाइपातून सुक्या ढलप्यांच्या पिशवीत गेली असती तर काय झालं असतं याचा विचार मी रात्री केला. तेव्हापासून जुन्या लाकडावर चुंबक फिरवतो, धातूशोधक ऑर्डर केलाय.

आवाजाबद्दल मशीनला शून्य गुण. कानाला मफ लावतो, दुपारी दोन ते चार आणि रात्री आठनंतर चालवत नाही. हे शेजाऱ्यांनी सांगितलेलं नाही, आमच्या आईने सांगितलंय.

ढलप्यांना गिऱ्हाईक भरपूर आहे. फणसाच्या आणि आंब्याच्या ढलप्या शेजारचे गोठ्यात पसरायला नेतात, सागाच्या न्हाणीच्या चुलीत जातात. ताज्या ढलप्या झाडांच्या बुडात टाकू नका, कुजताना मातीतलं नत्र ओढतात. माझ्या दोन मिरीच्या वेली पिवळ्या पडल्या तेव्हा हे शिकलो.

आता दिवाळीआधी दुसरी पाती यायची आहेत. त्या सागाच्या बाजूपट्टीला पावसात थोडा बाक आलाय, तीही बदलेन.