फाटकावरचा कॅमेरा: दिशा ओळखतो, पण अर्धीच

फोंडा तालुक्यातील आमच्या घराच्या फाटकावर मे महिन्यात साडेतीन हजार रुपयांचा कॅमेरा बसवला. तो निवडला तो एकाच सोयीसाठी: आपण आखलेली रेषा ओलांडून आत येणाऱ्याचीच सूचना तो मोबाइलवर देतो, बाहेर जाणाऱ्याची देत नाही. चित्र रात्रीही स्वच्छ दिसते आणि उन्हाळाभर दिशेबद्दलही तक्रार नव्हती. जूनमध्ये पाऊस लागला, गडग्यालगतचा माड झुलू लागला आणि दिवसाला पन्नासेक सूचना येऊ लागल्या. झावळी आत झुकली की पाहुणा आला, असे या यंत्राचे मत आहे.

दिशा ओळखण्याचे हेच काम डोळ्यात मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच होते. होरेस बार्लो आणि हिल या संशोधकांनी १९६३ मध्ये सशाच्या दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पडद्यात, अशा गुच्छिका पेशी (डोळ्याचा संदेश मेंदूकडे नेणाऱ्या पेशी) नोंदवल्या, ज्या एका दिशेच्या हालचालीला जोरदार प्रतिसाद देतात आणि उलट दिशेला जवळजवळ गप्प राहतात. त्यांना गप्प करणारा अवरोध दृष्टिपटलातल्याच तारकाकृती अमॅक्राइन नावाच्या चेतापेशींकडून येतो. या पेशींचे तंतू सर्व बाजूंना पसरलेले असतात आणि प्रत्येक तंतू केंद्राकडून टोकाकडे जाणाऱ्या हालचालीला अधिक प्रतिसाद देतो. २०११ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उंदराच्या दृष्टिपटलातील जोडण्या तपासल्या गेल्या, तेव्हा गुच्छिका पेशीच्या आवडत्या दिशेच्या उलट पसरलेले तंतूच तिच्याशी प्रामुख्याने जोडलेले आढळले. म्हणजे नको त्या दिशेने काही सरकले की नेमका तोच तंतू जागा होऊन तिला दाबतो.

झावळी हलली तर या पेशीही बोलतात, पाहुणा कोण हे त्यांनाही कळत नाही. तेवढ्यापुरता कॅमेऱ्यावर राग धरणे अन्यायाचे होईल. मात्र दृष्टिपटलात प्रकाश वाढला वा घटला तरी प्रतिसाद देणाऱ्या अशा पेशींचे चार प्रकार असतात, चार दिशांसाठी एकेक, त्यामुळे झावळीचे जाणे आणि परतणे या दोन्हींची नोंद राहते. माझा कॅमेरा परतीची नोंदच टाकून देतो आणि उरलेल्या अर्ध्या झोक्याला आगमन समजतो. दोन्ही दिशा नोंदवून लगोलग परतलेली हालचाल वगळण्याची सोय दिली असती, तर निम्म्याहून अधिक त्रास वाचला असता.

रेषा झावळ्यांच्या खाली, पायरीलगत आखल्यावर सूचना दिवसाला सात-आठांवर आल्या. ज्यांच्या फाटकाजवळ झाड नाही त्यांनी खुशाल घ्यावा. कुळागरातल्या, म्हणजे माड-पोफळींच्या बागेतल्या, घरासाठी मी पाचपैकी तीनच तारे देईन.