डोनरचा मॅरो रुजला, पण काउंट येत नाहीत: गोळी, बूस्ट की दुसरं ट्रान्सप्लांट?

बोन मॅरो ट्रान्सप्लांटला महिना उलटून गेलाय. किमेरिझमच्या (रक्तपेशींपैकी किती टक्के डोनरच्या आहेत, या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये डोनर 98 टक्के आलाय. तरी दर दोन-तीन दिवसांनी प्लेटलेट चढवाव्या लागतात आणि हिमोग्लोबिन टिकत नाही. म्हणजे डोनरचा मॅरो रुजलाय, पण पुरेसं रक्त तयार करत नाही. डॉक्टर याला ‘पुअर ग्राफ्ट फंक्शन’ म्हणतात. साधारण निकष असा: न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500 च्या खाली, प्लेटलेट 20,000 च्या खाली, हिमोग्लोबिन 8 च्या खाली, यांपैकी किमान दोन गोष्टी 28-30 व्या दिवसानंतर दोन आठवड्यांहून जास्त काळ राहिलेल्या, मॅरोत पेशी विरळ आणि मूळ आजार परतलेला नाही. हे आकडे प्रत्येक केंद्रात थोडे इकडेतिकडे असतात.

सगळा निर्णय किमेरिझमवर उभा आहे. डोनर 95 टक्क्यांच्या वर असेल तरच खालची तुलना लागू होते. डोनर घसरत चालला असेल तर ते ग्राफ्ट फेल्युअर, आणि त्याचा रस्ता वेगळा. रिपोर्ट टी-सेल (प्रतिकारशक्तीच्या पेशी) आणि मायलॉइड (न्यूट्रोफिलच्या गटातल्या पेशी) असा वेगवेगळा मागून घ्या. फक्त एकत्रित आकडा कधीकधी फसवतो. आणि फक्त हिमोग्लोबिनच येत नसेल, डोनर-पेशंटचे रक्तगटही वेगळे असतील, तर आधी लाल पेशींचा अप्लेशिया (फक्त लाल पेशीच तयार न होणं) आहे का ते बघायला हवं. तिथे बूस्टची (त्याच डोनरच्या पेशी पुन्हा देण्याची) घाई नको.

कुठलाही पर्याय निवडण्याआधी मॅरो कशानं दबलाय हे शोधायचं. इथे वेळ घालवणं फुकट जात नाही. सीएमव्ही हा विषाणू स्वतः मॅरो दाबतो आणि त्यावरचं औषध, गॅन्सिक्लोव्हिर किंवा व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर, न्यूट्रोफिल आणखी पाडतं. अशा वेळी फॉस्कार्नेट या दुसऱ्या औषधावर जाता येतं, मात्र ते किडनीला जड असतं, त्यामुळे क्रिएटिनिन आणि क्षारांवर रोज नजर लागते. को-ट्रायमॉक्साझोल, मायकोफेनोलेट, लिनेझोलिड या औषधांचाही हात असतो. पार्व्हो बी19 विषाणू, बी12 आणि फोलेट ही जीवनसत्त्वं, वाढलेली प्लीहा आणि जीव्हीएचडी (डोनरच्या पेशींनी पेशंटच्या शरीरावर केलेला हल्ला) हेसुद्धा तपासायला हवेत. ही यादी घेऊन डॉक्टरांसमोर बसा, पण औषध स्वतःहून बंद करू नका.

प्लेटलेट चढवूनही आकडा हलत नसेल तर दोष दर वेळी मॅरोचाच असतो असं नाही. बॅग संपल्यावर 10 मिनिटं ते एक तासाच्या आत काउंट करून घ्या. तेव्हाही वाढ नसेल तर शरीरात एचएलए अँटीबॉडी (दुसऱ्याच्या पेशींवरच्या खुणांविरुद्धची प्रतिद्रव्यं) असण्याची शक्यता असते, आणि मग जुळवलेल्या प्लेटलेट लागतात. रक्त आणि प्लेटलेट इरॅडिएटेडच (किरणांनी प्रक्रिया केलेले) हवेत.

आता गोळी आणि बूस्ट समोरासमोर ठेवू.

एल्ट्रॉम्बोपॅग ही गोळी आयटीपी (शरीरच प्लेटलेट नष्ट करतं तो आजार) आणि अप्लास्टिक अ‍ॅनिमियासाठी (मॅरो रक्त बनवणं थांबवतो तो आजार) मान्यता मिळालेली आहे; इथे ती त्या मान्यतेबाहेर वापरली जाते. बहुतेक ठिकाणी रोज 50 मिग्रॅपासून सुरू करून 150 मिग्रॅपर्यंत वाढवतात. डोनरला पुन्हा बोलवावं लागत नाही आणि घरी राहून घेता येते, हा तिचा मोठा फायदा. पण परिणाम दिसायला आठवडे लागतात, आणि मॅरोत मेगाकॅरिओसाइट (प्लेटलेट बनवणाऱ्या पेशी) जवळपास नसतील तर प्रतिसादाची आशा कमी होते. चुका होतात त्या घेण्याच्या पद्धतीत. कॅल्शियम, लोह आणि अँटासिड या गोळीला आतड्यातच बांधून ठेवतात. म्हणून दूध, दही, ताक, पनीर, नाचणीची आंबील यांच्या आधी किमान 2 तास किंवा नंतर 4 तासांनी गोळी घ्यायची. सकाळी दुधाबरोबर महिनाभर घेतलेली गोळी ‘लागू पडली नाही’ असं ठरवणं चूक आहे. लिव्हरच्या चाचण्या नियमित लागतात. औषधाच्या रंगामुळे बिलिरुबिनचा आकडा चुकीचा येऊ शकतो, हे लॅबला माहीत असलेलं बरं. जी-सीएसएफचं (पांढऱ्या पेशी वाढवणारं) इंजेक्शन सोबत चालतं, पण ते न्यूट्रोफिलच वाढवतं. प्लेटलेटसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

बूस्ट म्हणजे त्याच डोनरच्या निवडक सीडी34 पेशी (रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी), पुन्हा केमो न देता. डोनरला 4-5 दिवस जी-सीएसएफ (बहुधा 10 मायक्रोग्रॅम प्रति किलो) देतात, मग मशीनवर चार-पाच तास पेशी गोळा करतात. त्यानंतर चुंबकीय पद्धतीनं सीडी34 पेशी वेगळ्या काढून टी-सेल मागे सोडतात. लक्ष्य साधारण 20 ते 50 लाख पेशी प्रति किलो असतं. म्हणजे 50 किलोच्या पेशंटला 10 ते 25 कोटी. अर्धजुळणीच्या (एचएलए अर्धंच जुळणाऱ्या) डोनरकडून घेताना टी-सेल 10,000 प्रति किलोच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. निवड करताना काही चांगल्या पेशीही जातात, त्यामुळे संकलन भरपूर हवं. प्रकाशित मालिकांमध्ये 70 ते 80 टक्के पेशंटना प्रतिसाद दिसला आहे. मालिका लहान आणि जुन्या नोंदींवरून केलेल्या आहेत, तरी आकडा वजनदार आहे. अडचण आहे ती निवडीच्या किटचा मोठा खर्च, मोजक्या केंद्रांतच असलेली सोय आणि डोनर पुन्हा मिळणं यांची. डोनरला हाडं दुखतात, त्यावर पॅरासिटामॉल चालतं. मशीनवर ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं. रक्त गोठू नये म्हणून वापरलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरतं.

निवड न करता सरळ पेशी देणं स्वस्त पडतं, पण सोबत टी-सेल जातात आणि जीव्हीएचडीचा धोका वाढतो. दुसरा काही मार्गच नसेल तेव्हाच त्याचा विचार करा.

आमचं मत स्पष्ट आहे. न्यूट्रोफिल 1,000 च्या वर आहेत, ताप नाही, अडलंय ते प्लेटलेटवर, तर आधी गोळी. न्यूट्रोफिल 500 च्या खाली आणि बुरशीचा किंवा वारंवार संसर्ग असेल, डोनर घरातलाच असेल, तर बूस्टबद्दल पहिल्याच भेटीत विचारा. गोळी सुरू करून डोनरच्या तपासण्या त्याच आठवड्यात लावल्या तर काहीच वाया जात नाही. रजिस्ट्रीचा (नोंदणीतून मिळालेला, नात्याबाहेरचा) डोनर असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण दुसऱ्यांदा होकार आणि तारीख मिळायला आठवडे जातात. कॉर्ड ब्लडनं (बाळाच्या नाळेतल्या रक्तानं) ट्रान्सप्लांट झालं असेल तर त्याच डोनरचा बूस्ट शक्यच नसतो.

दुसरं ट्रान्सप्लांट पूर्ण किमेरिझम असताना पहिल्या फळीत बसत नाही. पुन्हा कंडिशनिंग (ट्रान्सप्लांटआधीची केमो), पुन्हा शून्य काउंटचे आठवडे आणि थकलेल्या शरीरावर जिवाचा मोठा धोका. बूस्ट देऊनही काही झालं नाही किंवा डोनरचा टक्का घसरू लागला, तर मात्र टाळत बसू नका. त्याआधी डोनरविरुद्ध अँटीबॉडी (डीएसए) तपासून घ्या. त्या चढ्या असतील तर आधी त्या उतरवाव्या लागतात किंवा वेगळा डोनर शोधावा लागतो.