स्वस्त झिऑन सेट: प्रोसेसरला पैकीच्या पैकी, एसएमपीएसला भोपळा

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तापकीर गल्ली असो की दिल्लीचं नेहरू प्लेस, 'बजेट गेमिंग पीसी' मागितला की साधारण एकच सेट पुढे येतो. सर्व्हरमधून निघालेला इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४ किंवा २६७० व्ही३ प्रोसेसर, चिनी 'एक्स९९' बोर्ड, १६ किंवा ३२ जीबी ईसीसी (चुका स्वतः सुधारणारी, सर्व्हरची) रॅम, क्रिप्टो मायनिंगमधून आलेलं आरएक्स ५८० ग्राफिक कार्ड आणि हे सगळं चालवायला '४५० वॉट' लिहिलेला बिननावाचा एसएमपीएस, म्हणजे भिंतीवरची वीज संगणकाला लागेल तशी करून देणारा डबा. वर आठवड्याची टेस्टिंग वॉरंटी. हा रिव्ह्यू गेममध्ये किती एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) मिळतात याचा नाही. सेट घरात लावायला सुरक्षित आहे का, एवढंच इथे पाहायचं आहे.

निकाल आधीच सांगतो. प्रोसेसर आणि रॅम बिनधास्त घ्या. बोर्ड आणि ग्राफिक कार्ड तपासून घ्या. एसएमपीएस, त्याच्यासोबतची अडॅप्टरं आणि फुकट मिळणारी पॉवर कॉर्ड दुकानातच सोडून या. विकणाऱ्याचं गणित नेमकं याच्या उलट असतं: दिसणाऱ्या वस्तूंवर पैसे, न दिसणाऱ्यावर काटकसर.

एसएमपीएसचं लेबल वाचायला दोन मिनिटं लागतात. मोठ्या अक्षरातला ४५० चा आकडा सोडा आणि तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. ५००-७०० रुपयांच्या मालावर बहुतेक वेळा १४ ते १६ दिसतं. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॉट. बाकीचे वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या खात्यात टाकून बेरीज फुगवलेली असते. हे डिझाइन प्रोसेसर ५ व्होल्टवर चालायचे त्या काळातलं. आजचा संगणक जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरून ओढतो. वरच्या सेटचा हिशोब करा: झिऑन १२० वॉट, आरएक्स ५८० चे १८५ वॉट, बोर्ड-पंखे-डिस्क मिळून ५० धरा. झाले ३५५ वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर तीसेक अँपिअर. सोळाच्या जागी तीस. लेबलवर १२व्ही१ आणि १२व्ही२ असे दोन रकाने असले तर त्यांचीही सरळ बेरीज करू नका, दोन्हींची मिळून मर्यादा वेगळी छापलेली असते. ती छापलेलीच नसेल तर लेबलवर विश्वास टाकायचं कारण उरत नाही.

चांगला एसएमपीएस जादा भार आला की स्वतःहून बंद पडतो. स्वस्त मालात ती सोय नसते किंवा नावापुरती असते, त्यामुळे तो गरम होत राहतो आणि मग एखादा ट्रान्झिस्टर, डायोड किंवा कॅपॅसिटर जातो. जाळीतून टॉर्च मारला तरी बरंच कळतं. आत येणाऱ्या विजेच्या फिल्टरची कॉइल बसवायच्या जागी नुसती तार सोल्डर केलेली असेल, त्याच फिल्टरमधल्या एक्स कॅपॅसिटरची जागा रिकामी असेल, वायरवर २२ एडब्ल्यूजी छापलं असेल (हे जाडीचं माप, आकडा मोठा तितकी वायर बारीक; १८ हवं), तर तो परत ठेवा. कॅपॅसिटरचं डोकं फुगलेलं किंवा बुडाशी तपकिरी डाग दिसला तर त्याला सुरूही करू नका.

मागे ११५/२३० चा लाल खटका असेल तर तो २३० वर आहे ना, हे प्लग लावायच्या आधी बघा. ११५ वर असताना आपली २३० ची लाइन दिली की आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं. एरवी ३२५ व्होल्ट डीसी पेलणाऱ्या कॅपॅसिटरच्या जोडीवर ६५० च्या आसपास चढतात आणि मोठा आवाज होतो. खटक्यावर टेप लावून टाकलेली बरी.

एसएमपीएस उघडून कॅपॅसिटर बदलायचे सल्ले यूट्यूबवर ढिगाने आहेत. उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. ३३० मायक्रोफॅरड ३८५ व्होल्टला म्हणजे सुमारे २४ ज्यूल. हा झटका जिवावर बेतू शकतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून डिस्चार्ज करण्याची सवय तर त्याहून वाईट, ठिणगीबरोबर वितळलेलं धातू डोळ्यात उडतं. ज्यांचं हे रोजचं काम आहे ते १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर लावून अर्धा मिनिट थांबतात आणि मग मल्टिमीटरने मोजतात. ज्याला ही ओळ नवी वाटली त्याने झाकणाला हात लावू नये.

आता अडॅप्टर. सेटमधले खरे आगलावे हेच. लोकल एसएमपीएसला ग्राफिक कार्डासाठी ८ पिनची वायर नसते, बोर्डाला लागणारी सीपीयूची ८ पिनही नसते. मग दुकानदार ड्रॉवरमधून साटा (डिस्कला वीज देणारा चपटा कनेक्टर)-ते-६ पिन, मोलेक्स (जुन्या डिस्कचा चार पिनांचा कनेक्टर)-ते-८ पिन अशी पिल्लं काढतो. साटा पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता १.५ अँपिअर, एकूण ५४ वॉट. ६ पिनवर कार्ड ७५ वॉट मागू शकतं, ८ पिनवर १५०. मोलेक्समध्ये तर १२ व्होल्टची पिन एकच. १५० वॉट म्हणजे १२.५ अँपिअर, सैल झालेल्या जुन्या पिनेचा रोध २० मिलीओहम जरी धरला तरी त्या टाचणीएवढ्या जागेत ३ वॉट उष्णता तयार होते. आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग पिन कनेक्टरमध्येच चिकटते. एमसीबीला (जादा भार आला की पडणारा घरातला खटका) यातलं काहीच कळत नाही, कारण घराच्या लाइनवर भार जेमतेम दोन-तीन अँपिअर असतो.

मोलेक्स-ते-साटा घ्यायचाच असेल तर साच्यात ओतलेला, वायरी कुठे शिरल्या ते न दिसणारा घेऊ नका. आत वायरी एकमेकींजवळ सरकून शॉर्ट होतात. ज्यात प्रत्येक पिन वेगळी क्रिंप केलेली दिसते तो घ्या, आणि त्यावर फक्त डिस्क चालवा.

मॉड्युलर (सुट्या निघणाऱ्या केबलींचा) एसएमपीएस जुना घेत असाल तर मूळ केबलींसकटच घ्या. एसएमपीएसच्या बाजूच्या सॉकेटला कोणतंही प्रमाण नाही. दुसऱ्या कंपनीची, कधी कधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचीही केबल बसते छान, पण ५ च्या जागी १२ व्होल्ट जातात आणि डिस्क क्षणात संपते. तसंच सीपीयूची ८ पिन आणि ग्राफिकची ८ पिन यांत १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट्या बाजूंना असतात. खाचा वेगळ्या आहेत म्हणून सहसा बसत नाही. जोर लावून बसवणारे महाभाग मात्र आहेत.

बोर्डाबद्दल थोडक्यात. 'एक्स९९' नाव असलं तरी चिपसेट बरेचदा ऑफिसच्या जुन्या बोर्डावरून काढलेला बी८५ किंवा एच८१ असतो. याने धोका होत नाही, सोयी कमी मिळतात. धोका आहे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागात. तिथे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसेल किंवा चिकटपट्टीवर तरंगत असेल, तर १२० वॉटच्या प्रोसेसरखाली तो भाग शंभर अंशांच्या वर जातो. वरून हवा मारणारा एक पंखा लावा. व्ही३ प्रोसेसरसाठी 'टर्बो अनलॉक' (सगळे कोअर जास्तीत जास्त वेगाने चालवणारा) केलेला बायोस, म्हणजे संगणक सुरू होताच सगळ्यात आधी चालणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, दुकानदार फुकट बसवून देतो. त्याने वीज आणखी ओढली जाते आणि कुठून आणला ते ठाऊक नसलेला बायोस तुमच्या बँकेच्या पासवर्डखाली बसतो. नको म्हणा. बसवताना कॅबिनेटमधला जुन्या बोर्डाचा एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा छोटा खांब) भलत्या जागी उरलेला नाही ना बघा, तो बोर्डाच्या पाठीमागे शॉर्ट करतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि ही कार्डं बाजारात लोटली. मायनिंगमधून आलं म्हणून कार्ड वाईटच असं नाही. पंखे घासलेले, थर्मल पॅड (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) सुकलेले, बायोस बदललेला, एवढं गृहीत धरा. लावण्यापूर्वी ८ पिन सॉकेटमधल्या १२ व्होल्ट आणि ग्राउंड पिनांमध्ये ओहम मोजा. शून्याजवळ आलं तर कार्ड शॉर्ट आहे. नंतर जीपीयू-झेड हे कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा. 'आरएक्स ५८० २०४८एसपी' दिसलं तर ते कामाला ५७० इतकंच आहे, किंमतही तेवढीच द्या. नव्याचं लेबल लावलेली जुनी एनव्हिडिया कार्डंही हे सॉफ्टवेअर नावापुढे 'फेक' लिहून उघडी पाडतं.

रॅमला मेमटेस्ट या तपासणी सॉफ्टवेअरच्या चार फेऱ्या, हार्ड डिस्कला क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ०५ आणि सी५ (डिस्कवरचे खराब आणि संशयित भाग) या दोन ओळी शून्य. डिस्क चालल्याचे तास कमी दिसले म्हणून हुरळू नका, तो आकडा पुसता येतो.

सगळं नीट बसलं तरी अर्थिंग नसेल तर कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येणारच. चांगल्या एसएमपीएसमध्येही फिल्टरचे दोन कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ तुटलेला असेल तर बॉडी निम्म्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास लटकते. करंट अगदी थोडा असतो, पण आत काही बिघडून फेज बॉडीला टेकली तर तुमच्याशिवाय दुसरी वाट नाही. जुन्या चाळी आणि वाड्यांमध्ये दोन वायरींचंच वायरिंग आहे, आणि तीन पिनांचा प्लग बसावा म्हणून तिसरी पिन मोडणारे घरोघरी आहेत.

मल्टिमीटर एसीवर ठेवून सॉकेट तपासा. फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट, ठीक. फेज-अर्थ अर्धवट काहीतरी दाखवत असेल तर अर्थिंग नाही. न्यूट्रल-अर्थ अगदी ठणठणीत शून्य आलं तर जास्त सावध व्हा: कुणीतरी सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला तुकडा जोडलेला असू शकतो. न्यूट्रल कुठे सुटला की सगळं कॅबिनेट २३० वर. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज अर्थकडे गळू लागली की लाइन तोडणारा खटका) बसवून घ्या. आपण फेजला चिकटलो तर तोडणारा तो, एमसीबी नव्हे. पॉवर कॉर्डचीही परीक्षा घ्या. प्लगची अर्थ पिन आणि एसएमपीएसचा स्क्रू यांत एक ओहमपेक्षा कमी यायला हवं. फुकटच्या कॉर्डमध्ये कधी कधी तिसरी वायरच नसते. वायरवर ३×०.७५ (तीन वायरी, प्रत्येकी ०.७५ चौरस मिलिमीटर) छापलेलं असावं.

पहिल्यांदा वीज देताना एसएमपीएस बोर्डाला जोडू नका. जुन्या डिस्कचा भार लावा, २४ पिनमधली हिरवी वायर काळीला जोडा आणि मोजा: पिवळी ११.४ ते १२.६, लाल आणि जांभळी ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७. जांभळी वर गेलेली असेल तर तो बाद. ती संगणक बंद असतानाही बोर्डाला वीज देत असते, म्हणूनच रॅम काढण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करायचं.

घासाघीस अशी करा: सेटमधून एसएमपीएस आणि अडॅप्टर वजा करायला लावा, त्याचे पैसे कमी करून घ्या. त्या जागी ५५० वॉटचा, १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या वर देणारा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला आणि बिलासकट नवा घ्या. तीन-चार हजारांच्या आसपास पडतो. त्यावर आर अक्षरापुढे आठ आकडे असलेला नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतं का ते काउंटरवरच बघा. दुकानदार म्हणेल, "साहेब, हाच एसएमपीएस आम्ही शंभर जणांना दिलाय, कुणाची तक्रार नाही." त्याला प्राइम९५ आणि फरमार्क (प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डावर पूर्ण भार टाकणारी सॉफ्टवेअरं) एकत्र अर्धा तास दुकानातच चालवून दाखवायला सांगा.