विन स्कली यांच्या आवाजासाठी घेतलेला स्पीकर

नागपूरच्या सीताबर्डीतील एका दुकानातून मी मेमरी कार्ड आणि एफएम असलेला, तळहातावर मावणारा स्पीकर घेतला, तो मुख्यतः अमेरिकेतील बेसबॉल समालोचक विन स्कली यांची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकण्यासाठी. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघापासून सुरुवात करून, १९५८ मध्ये संघाबरोबर लॉस एंजेलिसला जाऊन, २०१६ पर्यंत तब्बल ६७ हंगाम त्यांनी एकाच संघाच्या सामन्यांचे वर्णन केले. तेथील कोलिझियम या अवाढव्य स्टेडियममध्ये लांब बसलेले प्रेक्षक समोरचा खेळ नीट समजावा म्हणून ट्रान्झिस्टर सोबत आणत. त्यामुळे या आवाजाची पारख लहान स्पीकरवरच व्हावी, असे मला मनापासून वाटले.

शब्द अगदी स्वच्छ ऐकू येतात. मात्र स्कली यांचे खरे मोठेपण त्यांच्या मौनात आहे. ८ एप्रिल १९७४ रोजी फलंदाज हँक ॲरन यांनी ७१५ वा होमरन (क्रिकेटमधील षटकारासारखा फटका) मारून बेब रूथ यांचा कारकिर्दीतील सर्वाधिक होमरनचा विक्रम मोडला, तेव्हा स्कली बराच वेळ काहीच बोलले नाहीत, त्यांनी केवळ गर्दीला बोलू दिले. धरमपेठेतील आमच्या गच्चीवर, मे महिन्याच्या रात्री, तो जल्लोष ऐकताना अंगावर काटा आला.

उणीव एकच, पण मोठी आहे: आवाज पूर्ण वाढवल्यास हीच गर्दी फाटल्यासारखी, कर्कश वाजते. दुकानदाराने हे आधी सांगायला हवे होते. बोलण्याच्या कार्यक्रमांसाठी हा स्पीकर जरूर घ्यावा. संगीतासाठी मी तो सुचवणार नाही.