जिभेच्या कॅन्सरनंतरचा फॉलोअप: परळला की घराजवळ?

आईच्या जिभेचं ऑपरेशन मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला झालं. घरी आलो आणि प्रश्न पडला: दर तपासणीला साताऱ्याहून मुंबई गाठायची, की इथल्याच कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवायचं?

पहिली दोन वर्षं तरी ऑपरेशन झालं तिथेच जा, असं मी ठामपणे सांगेन. आजार उलटण्याचा धोका याच काळात सर्वांत जास्त. म्हणून पहिल्या वर्षी साधारण 1 ते 3 महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी 2 ते 6 महिन्यांनी बोलावतात. डॉक्टर गॉजमध्ये आईची जीभ धरून बाहेर ओढतात, हातमोज्यातलं बोट कडेने पार मुळापर्यंत फिरवतात, मग मान चाचपतात. दोन मिनिटांचं काम. पण टाक्यांचा जुना व्रण कुठला आणि नवा टणकपणा कुठला, हे रोज अशाच जिभा तपासणाऱ्या बोटालाच लवकर कळतं. त्या दोन मिनिटांसाठी रात्रीची एसटी आणि दिवसभराची रांग मला कधी जड वाटली नाही.

घराजवळचा डॉक्टर लागतो तो मधल्या दिवसांत. दोन आठवड्यांत न भरणारा चट्टा, मानेत गाठ, एकाच बाजूचा कान दुखणं, गिळताना त्रास: यात पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. आईला चट्टा आला तेव्हा जवळच्या एका दवाखान्यात तोंड आल्याचं मलम मिळालं, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी परळला बायोप्सी झाली. कॅन्सर नव्हता, पण तो महिना आम्ही कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. स्थानिक डॉक्टर निवडताना एवढंच बघा: शंका आली की ते लगेच पुढे पाठवतात का?

‘दर वेळी पेट स्कॅन (अंगात कुठे कॅन्सर आहे का ते दाखवणारा स्कॅन) करूया’ असं नातेवाईक म्हणतात. तक्रार नसेल तर त्याची गरज नसते. किमो-रेडिएशन झालं असेल तर सुमारे तीन महिन्यांनी पेट करतात, ते वेगळं.

मानेला रेडिएशन झालं असेल तर 6 ते 12 महिन्यांनी थायरॉईडची रक्ततपासणी गावातच होते. दात मात्र टाटाला विचारल्याशिवाय काढू नका; रेडिएशन झालेल्या जबड्याची जखम सहजासहजी भरत नाही. आणि मिशरी कायमची बंद, कारण तोंडात दुसरीकडे नवा कॅन्सर होऊ शकतो.

आईचं आता तिसरं वर्ष. सहा महिन्यांनी परळ, मध्ये एकदा साताऱ्याचे डॉक्टर. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स त्यांच्याकडे ठेवली आहे.