हृदय पुनर्वसनाचे चौदा महिने : एका रुग्णाचा अनुभव

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, वयाच्या ५९व्या वर्षी, मला हृदयविकाराचा झटका आला, धमनी उघडी ठेवणारी जाळी म्हणजे एक स्टेंट बसला आणि चौथ्या दिवशी "रोज चालत जा" एवढ्या सूचनेवर मी कोथरूडला घरी परतले. किती चालायचे, कोणत्या वेगाने, धाप लागली तर ती साधी की धोक्याची, हे कोणीच सांगितले नव्हते. त्यामुळे तीन आठवडे मी दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेच नाही. त्यानंतर पुण्यातल्याच एका केंद्रात बाह्यरुग्ण म्हणून हृदय पुनर्वसनासाठी, म्हणजे देखरेखीखालचा व्यायाम आणि समुपदेशन यांसाठी, नाव नोंदवले. आठवड्याला तीन याप्रमाणे बारा आठवड्यांत ३६ सत्रे आणि पुढे सुमारे अकरा महिने घरचा व्यायाम, एवढ्या अनुभवावर हे लिहीत आहे.

पहिल्या दिवशी सहा मिनिटांत मी ३१० मीटर चालले, बाराव्या आठवड्यात ४३० मीटर. परंतु मला या आकड्यांपेक्षा मोलाचे वाटते ते भीतीचे जाणे. छातीवर ईसीजीच्या तारा लावून ट्रेडमिलवर चालताना फिजिओथेरपिस्ट शेजारी उभी असे, आणि धाप लागूनही आलेख ठीक आहे हे स्वतः पाहिल्यावर शरीरावरचा विश्वास हळूहळू परत आला. बीटा ब्लॉकरच्या गोळीमुळे माझी नाडी मुळातच संथ राहते, म्हणून केवळ नाडीवर विसंबता येत नाही. त्यासाठी बोर्ग मापनश्रेणी शिकवली : श्रम किती वाटतात ते ६ ते २० या आकड्यांत सांगायचे आणि ११ ते १३च्या दरम्यान राहायचे, म्हणजे बोलता येते, पण गाता येत नाही. शेवटी वेग हळूहळू उतरवायचा, कारण एकदम थांबल्यास रक्त पायांत साठून चक्कर येऊ शकते. घरी एकदा हे पाळले नाही आणि पलंगाचा आधार घ्यावा लागला.

धोक्याच्या घटकांविषयीची सत्रे मला सर्वांत उपयोगी वाटली. नोंदणीच्या वेळी "धूम्रपान करता का?" या प्रश्नाला मी प्रामाणिकपणे नाही म्हटले होते. समुपदेशक ताईंनी मिश्रीविषयी वेगळे विचारले तेव्हा कळले की आजोळी लागलेली ती सवय म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांतील इंटरहार्ट अभ्यासाने पहिल्या झटक्याचा बहुतांश धोका नऊ घटकांशी जोडला, त्यात रक्तातील चरबी आणि धूम्रपान आघाडीवर होते, हे तिथेच ऐकले. मिश्री सुटायला चार महिने लागले आणि दोनदा ती पुन्हा सुरू झाली.

दुसरी चूक स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीची. शेजारणीच्या सांगण्यावरून मी ती गोळी बंद केली आणि दहा आठवड्यांत एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ६२वरून ११८वर (मिग्रॅ/डेसीलिटर) गेले. झटका येऊन गेलेल्यांसाठी युरोपीय मार्गदर्शक सूचना ते ५५च्या खाली ठेवायला सांगतात. बहुतेक झटके धमनीतील चरबीचा थर फाटून त्यावर गुठळी झाल्याने येतात आणि स्टॅटिन तो थर स्थिर ठेवायलाही मदत करते, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावल्यानंतर मी एकही दिवस चुकवलेला नाही.

उणिवाही आहेत. आहाराचा कागद ओट्स आणि ऑलिव्ह तेलाचा होता. ज्वारीची भाकरी, उसळी आणि शेंगदाण्याची चटणी किती खावी, हे मी विचारल्यावर सांगितले गेले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, त्यात लोणचे आणि पापडही मोजायचे, हेही मी खोदून विचारले तेव्हाच कळले. सत्रे सकाळी दहाची, म्हणजे नोकरदारांना अशक्य. अकरा जणांच्या आमच्या गटात स्त्रिया दोनच होत्या. बाकी बायका नवऱ्यांना सोबत म्हणून आलेल्या, आणि त्यांच्यापैकी कितीजणींचे रक्तदाब कोणी तपासले असतील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. विम्याने खर्च दिला नाही. सर्वांत मोठी त्रुटी म्हणजे ३६व्या सत्रानंतर केंद्राकडून एकच फोन आला. खरी कसोटी तेव्हाच सुरू होते. पावसाळ्यात माझे चालणे तीन आठवडे बंद पडले, तेव्हा विचारणारे कोणी नव्हते. आता गटातील आम्ही चौघे तळजाई टेकडीवर एकत्र चालतो आणि दर तीन महिन्यांनी आपापले रिपोर्ट एकमेकांना दाखवतो.

नाव नोंदवण्यापूर्वी केंद्राला दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : व्यायामाच्या वेळी डॉक्टर आवारात असतात का, आणि बारा आठवड्यांनंतर पाठपुरावा कोण करते. जाताना डिस्चार्ज कार्ड, टू-डी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल आणि गोळ्यांची यादी सोबत ठेवावी, कारण पहिल्या दिवशीचा व्यायाम त्यावरूनच ठरतो.